वर्गणीतून उभी राहिलेली प्रयोगशाळा : विज्ञान सभेची दीडशे वर्षांची वाटचाल

भारतीयांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या व्यवस्थेखाली मूलभूत विज्ञानाचे संशोधन करावे, हा विचार ऑगस्ट १८६९ मध्ये 'कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन' या मासिकात छापून आला. लेखक डॉ. महेंद्रलाल सरकार हेच मासिकाचे संपादक होते. कलकत्ता विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी १८६३ मध्ये मिळवली होती. हा मान मिळवणारे ते केवळ दुसरे. चारच वर्षांनी, १८६७ मध्ये, त्यांनी होमिओपॅथीचा जाहीर पुरस्कार केला आणि ज्या वैद्यक संघटनेत त्यांचा शब्द चालत असे, तिनेच त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. रुग्ण तुटले, व्यवसाय बसला. अशा काळात माणूस आपली घडी सावरण्याच्या मागे लागतो. सरकार राष्ट्रीय विज्ञान संस्थेचा आराखडा लिहीत बसले. (पुढे १८८५ मध्ये रामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या दुखण्यात उपचार करणारे डॉक्टर सरकार ते हेच.)

३ जानेवारी १८७० रोजी 'हिंदू पेट्रियट'मध्ये नियोजित संस्थेचे आवाहन प्रसिद्ध झाले आणि वर्गणी गोळा होऊ लागली. जमीनदार, वकील, व्यापारी, संस्थानिक अशा सर्वांच्या दारी सरकार स्वतः गेले. ईश्वरचंद्र विद्यासागर पाठीशी उभे राहिले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी आपल्या 'बंगदर्शन' मासिकात या योजनेवर लिहून बंगाली वाचकाला हात सैल करण्यास सांगितले. सेंट झेवियर्स कॉलेजातील जेझुइट धर्मगुरू आणि भौतिकीचे अध्यापक फादर यूजीन लाफाँ हे तर सरकारांचे उजवे हातच बनले. तरी पैसा हळू येत होता आणि मतभेद लवकर येत होते. 'इंडियन लीग' या संघटनेचे म्हणणे असे की, देशाला आज तंत्रशाळा हवी, कारागीर हवेत. शुद्ध विज्ञान ही चैन झाली. सरकार यांनी हा मुद्दा शेवटपर्यंत मान्य केला नाही. विज्ञान आधी विज्ञान म्हणून शिकले पाहिजे, उपयोग त्यामागून येतात, यावर ते अडून बसले. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी लक्ष घातले आणि कोंडी फुटली. हेच टेंपल पुढल्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर म्हणून आले.

२९ जुलै १८७६ रोजी 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था स्थापन झाली. आवाहनापासून स्थापनेपर्यंत साडेसहा वर्षे गेली होती. बंगालीत तिचे नाव 'भारतवर्षीय विज्ञान सभा'. जागा बोबाजार स्ट्रीटवर, क्रमांक २१०. सचिव अर्थातच महेंद्रलाल सरकार. हे पद त्यांनी मरेपर्यंत सांभाळले.

पहिली तीस वर्षे सभेने व्याख्याने दिली. ती कमी मोलाची नव्हती. लाफाँ आणि सरकार प्रयोग करून दाखवत, जगदीशचंद्र बोस १८८५ मध्ये येथे भौतिकीवर बोलले, आशुतोष मुखर्जींनी गणित शिकवले, प्रमथनाथ बोस यांनी भूगर्भशास्त्र. काली किसन टागोर यांच्या देणगीतून उपकरणे आली, विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळेची इमारत झाली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पण सरकारांना जे हवे होते, म्हणजे पगारी प्राध्यापकपदे आणि केवळ संशोधनाला वाहून घेतलेली माणसे, त्यासाठी लागणारा कायम निधी कधीच जमला नाही. अखेरच्या वर्षांत वार्षिक सभेपुढे बोलताना त्यांनी आपले अपयश उघड कबूल केले. देशबांधवांनी साथ दिली नाही, ही खंतही लपवली नाही. २३ फेब्रुवारी १९०४ रोजी ते गेले. मागे राहिली एक चांगली इमारत, चांगली उपकरणे आणि त्यांवर साचत जाणारी धूळ. चिरंजीव अमृतलाल सरकार यांनी सचिवपद घेतले आणि कोणी येईल या भरवशावर दिवा तेवत ठेवला.

तो कोणी १९०७ मध्ये ट्रामने आला. चंद्रशेखर व्यंकट रामन त्या वेळी १८ वर्षांचे होते आणि वित्त विभागात साहाय्यक महालेखापाल म्हणून नुकतेच कलकत्त्यात रुजू झाले होते. बोबाजारातून जाताना त्यांना संस्थेची पाटी दिसली. दार उघडले आशुतोष डे यांनी. संस्थेच्या इतिहासात हे नाव रामन यांच्या नावाइतक्याच आदराने घ्यावे लागते. आशुबाबू प्रयोगशाळेचे सहायक. पदवी नाही, पण हात असा की सांगितलेले उपकरण जागेवर बनून मिळे. पुढली पंचवीस वर्षे रामन यांच्या जवळपास प्रत्येक प्रयोगामागे हा हात होता. अमृतलालांनी तरुण अधिकाऱ्याचे मनापासून स्वागत केले आणि प्रयोगशाळा त्याच्या हवाली केली.

मग एक विलक्षण दिनक्रम सुरू झाला. पहाटे प्रयोगशाळा, दिवसभर सरकारी कचेरीत हिशेब, संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा प्रयोगशाळा. मध्ये रंगून आणि नागपूर येथे बदल्या झाल्या. १९११ मध्ये रामन परत कलकत्त्यात आले ते संस्थेला लागूनच राहायला. १९०९ पासून संस्थेची संशोधनपत्रिका निघू लागली होती. पहिली वर्षे ध्वनीची होती : व्हायोलिनची तार, वीणा, तंबोरा, मृदंगाची शाई. मृदंगासारख्या चर्मवाद्यातून सुरेल स्वर का निघतो, याचे भौतिक उत्तर याच प्रयोगशाळेतून आले. १९१७ मध्ये आशुतोष मुखर्जींच्या आग्रहावरून रामन यांनी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठाचे पालित प्राध्यापकपद पत्करले. १९१९ मध्ये अमृतलाल वारले आणि सभेचे मानद सचिवपद रामन यांच्याकडे आले. धूळ एव्हाना कधीच झटकली गेली होती. मद्रास, आंध्र, बंगाल अशा सर्व प्रांतांतून विद्यार्थी येऊन राहू लागले होते.

या वाटचालीचा गाभा असलेला विषय, प्रकाशाचे विकिरण, १९२१ मध्ये समुद्रावरून आला. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेहून परतताना 'नारकुंडा' बोटीवरून रामन यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. लॉर्ड रॅले यांचे मत होते की समुद्राचा निळेपणा हा आकाशाचे प्रतिबिंब होय. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. त्यातून योग्य कोनाने पाहिले की पृष्ठभागावरचे परावर्तन कापले जाते. तसे कापल्यावर समुद्र अधिकच निळा दिसला. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. बोट मुंबई बंदरात लागली तेव्हा 'नेचर'साठीचे टिपण तयार होते. त्याखाली पत्ता आहे मुंबई बंदराचा आणि तारीख २६ सप्टेंबर १९२१ ची.

येथून पुढची सात वर्षे संस्थेने जवळजवळ एकच प्रश्न धरून ठेवला, आणि तिचे वेगळेपण या हट्टात आहे. पाणी, बर्फ, अल्कोहोल, वायू, बाष्प, स्फटिक, काच, जे मिळेल त्यातून प्रकाशाची शलाका पाठवायची आणि काटकोनात, बाजूला उभे राहून काय दिसते ते मोजायचे. वायूत रेणू एकमेकांपासून दूर असतात, तेथे रॅले यांचे गणित चालते. द्रवात रेणूंची दाटी असते. तेथे स्मोलुचोव्स्की आणि आइन्स्टाइन यांनी मांडलेली कल्पना लागते. रेणूंच्या अखंड धावपळीमुळे द्रवाची घनता ठिकठिकाणी क्षणोक्षणी किंचित कमीजास्त होत राहते आणि प्रकाश विखुरतो तो या चढउतारांवरून. रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित द्रवामागून द्रवावर तपासले. १९२२ मध्ये त्यावर रामन यांचा प्रबंधच निघाला. १९२७ मध्ये 'जर्नल ऑफ द ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका'त त्यांनी काचेसारख्या स्फटिकरचना नसलेल्या घन पदार्थांतील विकिरणावर लिहिले. स्वच्छातल्या स्वच्छ काचेतूनही प्रकाश थोडा बाजूला फुटतोच, आणि त्याचे कारण काचेतली घाण नसून काचेची स्वतःची रेणूरचना आहे, हा त्या कामाचा रोख होता. त्या लेखाकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. पुढल्या वर्षी घडले त्यापुढे तो झाकला जाणे साहजिकच होते; पण प्रकाशतंतूचा विषय निघाला की त्याची आठवण काढावी लागते.

दरम्यान एक खटकणारी गोष्ट वारंवार समोर येत होती. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यातील विकिरणात, मूळ प्रकाशाच्या रंगाखेरीज, एक क्षीण वेगळा रंग दिसला. द्रवात अशुद्धी असेल आणि हे तिचे अनुस्फुरण (प्रकाश शोषून तो वेगळ्या रंगात परत सोडणे) असेल, असे समजून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करण्यात आला. रंग गेला नाही. के. एस. कृष्णन यांनाही तो इतर द्रवांत दिसला. नोकरी सांभाळून फावल्या वेळात प्रयोगशाळेत येणारे एस. वेंकटेश्वरन यांनी १९२७ च्या अखेरीस ग्लिसरीनमधून सूर्यप्रकाश पाठवला तेव्हा बाजूला फुटलेला प्रकाश निळा दिसण्याऐवजी हिरवट दिसला, आणि तो ध्रुवीभूत (मुख्यतः एकाच प्रतलात कंप पावणारा) होता. अनुस्फुरण असे वागत नाही. रामन यांनी कृष्णन यांना सिद्धान्ताच्या कामातून उठवून प्रयोगाच्या टेबलाशी बसवले.

फेब्रुवारी १९२८ चे ते दिवस कृष्णन यांच्या रोजनिशीत नोंदलेले आहेत. पद्धत साधी होती. दुर्बिणीच्या मोठ्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटायचा, निळ्या-जांभळ्या गाळणीतून द्रवावर सोडायचा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे हिरवी-पिवळी गाळणी धरायची. पहिल्या गाळणीतून जे सुटते ते दुसरी पूर्ण अडवते. द्रवाने प्रकाशाचा रंग बदलला नसेल तर डोळ्याला काळोख दिसला पाहिजे. काळोख दिसला नाही. एकामागून एक द्रव तपासले गेले आणि प्रत्येकात ती अंधूक वाट दिसत राहिली. २८ फेब्रुवारीला वर्णपटदर्शकातून पाहता बदललेला रंग मूळ रंगापासून स्पष्ट वेगळा दिसला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना कळवण्यात आले. सूर्यप्रकाशाच्या जागी पाऱ्याचा दिवा आला आणि त्याच्या ४३५.८ नॅनोमीटरच्या निळ्या रेषेशेजारी नव्या रेषा उमटल्या. प्रत्येक द्रवाच्या रेषा वेगळ्या. प्रकाश रेणूवर आपटून निसटताना त्याच्या कंपनाला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो, आणि देवाणघेवाण जितकी, तितका रंग सरकतो. यालाच पुढे रामन परिणाम हे नाव मिळाले. १६ मार्चला बंगळूरच्या व्याख्यानात रामन यांनी सर्व काही मांडले. 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स' हे संस्थेचे नियतकालिक दोन वर्षांपूर्वी, १९२६ मध्येच सुरू झाले होते. त्यात हे व्याख्यान छापून त्याच्या प्रती जगभर रवाना झाल्या.

मॉस्कोत लँडसबर्ग आणि मँडेलस्टाम यांनाही त्याच महिन्यात क्वार्ट्‌झमध्ये हाच परिणाम दिसला होता, आणि १९२३ मध्ये स्मेकल यांनी तो कागदावर वर्तवलाही होता, हे नोंदवल्याने बोबाजारच्या कामाला उणेपणा येत नाही. रामन यांनी तो द्रव, बाष्प आणि घन अशा सर्व अवस्थांत दाखवला, हा व्यापकपणा निर्णायक ठरला. १० डिसेंबर १९३० रोजी स्टॉकहोममध्ये रामन यांनी नोबेल पारितोषिक स्वीकारले. विज्ञानातील नोबेल आशियात आले ते हे पहिले, आणि ते लोकवर्गणीच्या इमारतीतून, आशुबाबूंनी जोडलेल्या उपकरणांवर केलेल्या कामाला.

या प्रयोगशाळेत तयार झालेली माणसे देशभर पांगली. रामनाथन हवामान खात्यात गेले आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. बाष्पांमधील विकिरणावर काम केलेले एल. ए. रामदास पुण्यास आले. पुणेकर ज्याला आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात त्या हवामान खात्यात त्यांनी कृषी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला. शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून राहत नाही, जमिनीपासून थोड्या उंचीवर असते, हे त्यांनी पुण्याच्या मोकळ्या मैदानात मोजून दाखवले. त्या थराला जगात 'रामदास थर' म्हणतात.

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक म्हणून गेले. पाठोपाठ १९३४ मध्ये सभासदत्वाच्या आणि कारभाराच्या प्रश्नांवरून संस्थेत कडवट वाद झाला. रामन यांचा पक्ष हरला आणि संस्थेशी त्यांचे नाते तुटले. कलकत्ता आणि मद्रास असाही रंग त्या भांडणाला चढला. तो तपशील उगाळण्यात अर्थ नाही, पण संस्थेचा सर्वांत मोठा शास्त्रज्ञ संस्थेतून अशा रीतीने दुरावला हे सत्य आहे. त्याच सुमारास महेंद्रलालांचे जुने स्वप्न मात्र पुरे झाले. त्यांच्या नावाचे पगारी प्राध्यापकपद निर्माण झाले आणि त्यावर पहिली नेमणूक १९३३ मध्ये कृष्णन यांची झाली. कृष्णन यांनी स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवर काम केले आणि १९४२ पर्यंत प्रयोगशाळेचा दर्जा राखला. १९२८ च्या शोधातील त्यांचा वाटा किती, हा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. स्वतः कृष्णन यांनी त्याचे भांडवल कधी केले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोबाजारची जागा अपुरी पडू लागली. मेघनाद साहा यांनी संस्थेची सूत्रे हाती घेतली आणि केंद्र व राज्य सरकारकडून निधी मिळवून तिला शहराच्या दक्षिणेस, जादवपूरला नेले. १९५१ च्या सुमारास स्थलांतर झाले. वर्गणीवर चालणारी सभा येथे सरकारी अनुदानाची राष्ट्रीय संस्था झाली. साहा १९५३ पासून १९५६ मध्ये निधन होईपर्यंत संचालक होते; १९५९ ते १९६५ या काळात स्फटिकशास्त्रज्ञ केदारेश्वर बॅनर्जी. शांतीरंजन पालित यांनी बहुवारिकांचे, तर पुढे अनिमेष चक्रवर्ती यांनी असेंद्रिय रसायनाचे मोठे काम येथे केले. बोबाजार स्ट्रीटला आता बिपिनबिहारी गांगुली स्ट्रीट म्हणतात आणि २१० क्रमांकाच्या जागी गोएंका वाणिज्य महाविद्यालय आहे. जुनी इमारत राखायला हवी होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

संस्था जादवपुरात रुळत असतानाच, तिच्या शोधाला एक नवे माध्यम मिळाले : काचेचा केसाएवढा तंतू. हे काम संस्थेत झाले नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ते इंग्लंड, अमेरिका आणि जपानमध्ये झाले. पण ज्या प्रश्नांवर ते अडले आणि ज्या उत्तरांवर ते पुढे सरकले, ते बोबाजारात सात वर्षे टेबलावर होते. म्हणून ही कथा संस्थेच्या वाटचालीत येते.

१९६६ मध्ये इंग्लंडमधील हार्लो येथे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक हिशेब मांडला. त्या वेळच्या काचेच्या तंतूत प्रकाशाची घट किलोमीटरमागे सुमारे १,००० डेसिबल होती. म्हणजे वीसेक मीटरांतच प्रकाश जवळजवळ संपे. दूरध्वनीसाठी ती २० डेसिबलवर यायला हवी होती, म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उरला तरी चालेल. काव यांचे म्हणणे असे की, घट होते ती मुख्यतः काचेतल्या लोह-तांब्याच्या अंशांमुळे. ते काढता येतील. न काढता येणारी घट एकच : काचेने स्वतः केलेले विकिरण. आणि ते फार थोडे आहे.

ते का काढता येत नाही, हे १९२२ आणि १९२७ च्या कामातून समजते. द्रवात घनतेचे चढउतार क्षणोक्षणी होत असतात. काच तापवून वितळवली की ती द्रवच असते. थंड होताना हे चढउतार त्या क्षणी जसे असतील तसे गोठून काचेत कायमचे राहतात, दही लागताना भांडे हलले की जशी रेघ राहून जाते तसे. तंतू कितीही शुद्ध केला तरी ही गोठलेली विषमता जात नाही. तिच्यावरून प्रकाश सर्व दिशांना फुटतो. थोडा तंतूबाहेर निसटतो, थोडा उलट मागे येतो. रॅले यांच्या नियमानुसार हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश सोडून १,५५० नॅनोमीटरचा घेतला, तर विकिरण अकरा पट कमी होते. पाऱ्याची निळी रेषा वापरली असती तर ते १,५५० च्या तुलनेत सुमारे एकशे साठ पट झाले असते. आकाश निळे दिसते ज्या नियमाने, त्याच नियमाने जगभरच्या केबलमधला प्रकाश डोळ्याला न दिसणारा, अवरक्त ठेवावा लागतो.

१९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी २० डेसिबलची मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला बंगळुरात रामन यांचे निधन झाले. १९७९ मध्ये जपानमध्ये घट किलोमीटरमागे ०.२ डेसिबलपर्यंत आली. या तंतूतून पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. जी घट उरली तिचा मोठा हिस्सा रॅले विकिरणाचा. घाण सरली, निसर्गाची मर्यादा तेवढी राहिली.

आणि मग खुद्द रामन परिणाम तंतूत उतरला. १९७२ आणि १९७३ मध्ये बेल प्रयोगशाळेतील रॉजर स्टोलेन, एरिक इपेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, तंतूत पुरेसा तेजस्वी लेसर सोडला तर कमी वारंवारतेच्या दुसऱ्या प्रकाशाला तो आपली ऊर्जा देऊ लागतो आणि तो दुसरा प्रकाश वाढत जातो. रामन विकिरण स्वभावतः अतिशय क्षीण आहे. विखुरलेल्या प्रकाशकणांपैकी साधारण कोटीत एकाच्या वाट्याला ते येते, म्हणून बोबाजारात वर्णपटाच्या छायाचित्रासाठी तासन्‌तास थांबावे लागे. तंतूत प्रकाश केसाहून बारीक गाभ्यात कोंडलेला असतो आणि कित्येक किलोमीटर तसाच कोंडलेला राहतो. क्षीणपणाची भरपाई लांबी करते. काचेत रेणूंची रचना अनियमित असल्याने रामनची रेषा बारीक न राहता रुंद पट्टा होते. तिचे शिखर मूळ वारंवारतेपासून सुमारे १३ टेराहर्ट्‌झवर असते. म्हणून १,४५० नॅनोमीटरच्या लेसरने १,५५० च्या आसपासचे संदेश वाढवता येतात, आणि त्यासाठी वेगळे यंत्र मध्ये बसवावे लागत नाही. टाकलेली केबलच प्रवर्धक बनते. लांब पल्ल्याच्या जाळ्यांत रामन प्रवर्धक आज नेहमीचे झाले आहेत. तिसरे भावंड ब्रिल्वाँ विकिरण : काचेतल्या ध्वनिलहरींवरून होणारे, सुमारे ११ गिगाहर्ट्‌झने सरकणारे. ते तंतूत किती शक्ती घालावी यावर मर्यादा आणते आणि उलट ताण मोजायला उपयोगीही पडते.

विखुरून मागे आलेला प्रकाश टाकाऊ मानला जाई. त्याचेच पुढे मापन झाले. केबल कोठे तुटली हे शोधणारे उपकरण रॅले विकिरण ऐकते : प्रकाशाचा ठोका सोडायचा आणि प्रतिसाद किती वेळाने येतो ते पाहायचे. काचेत मीटरभर जाऊन परत यायला १० नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे वेळेवरून जागा कळते. रामन विकिरणाने तर तापमान कळते. रेणूने ऊर्जा दिलेला प्रकाश आणि रेणूने ऊर्जा घेतलेला प्रकाश, या दोघांचे प्रमाण त्या जागेच्या उष्णतेवर ठरते. काच जितकी गरम, तितका पहिला अधिक. १९८० च्या दशकात यातून तापमापक तंतू तयार झाले. बोगद्यात आग लागली, भूमिगत वीजवाहिनी तापली, तेलविहिरीच्या तळाशी उष्णता वाढली, की किलोमीटरभर पसरलेला एकच तंतू नेमकी जागा सांगतो. १९२८ मध्ये पाऱ्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना उमटलेल्या रेषांपैकी एक बाजू दुसरीहून फिकी का, हा तेव्हा निव्वळ सिद्धान्ताचा प्रश्न होता.

भारतात स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू यंत्रणा १९७९ मध्ये पुण्यात सुरू झाली. तंतूच्या काचेवर आणि विशेष प्रकारच्या तंतूंवर संशोधन करणारी केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था कोलकात्यात राजा एस. सी. मल्लिक रोडवर, जादवपुरात आहे. विज्ञान सभाही त्याच रस्त्यावर. महेंद्रलालांनी इंडियन लीगशी घातलेल्या वादात उपयोग मागून येतो असे म्हटले होते. किती मागून येतो, हे त्यांनी सांगितले नव्हते.

१९८६ मध्ये भारत सरकारने २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन ठरवला आणि १९८७ पासून तो देशभर साजरा होतो. १९९८ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने रामन परिणामाचा शोध हा रसायनशास्त्राच्या इतिहासातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा टप्पा म्हणून गौरवला आणि तसा फलक संस्थेत बसवला. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखालील स्वायत्त संस्था म्हणून ती काम करते. २०१८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे जेथे एकेकाळी दुसऱ्या विद्यापीठाच्या पदवीसाठी विद्यार्थी काम करत, तेथे आता संस्था स्वतः पदव्या देते. २०२६ मध्ये स्थापनेला दीडशे वर्षे होतात. रामन यांनी सुरू केलेले 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स' आजही संस्थेच्याच नावाने निघते आणि त्याच वर्षी त्याचे शतक भरते.